पगाराची चिठ्ठी आता नव्याने लिहा

मी बडोद्यात पगारपत्रकांची कामं करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक वीस-पंचवीस माणसांचे कारखानदार. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या, 29 जुने कायदे त्यांत गेले. सगळ्यांवर आज बोलत नाही. तुमच्या खिशाला थेट लागणारी गोष्ट एकच आहे: ‘वेतन’ या शब्दाची नवी व्याख्या.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पगार तीस हजार, पण बेसिक दहाच. उरलेले वीस घरभाडं, प्रवास, धुलाई अशा नावांनी. (एका चिठ्ठीत मी ‘हवामान भत्ता’ही पाहिलाय. हवामान कुठलं, ते मालकालाच ठाऊक!) बेसिक कमी म्हणजे पीएफ कमी, ग्रॅच्युइटी कमी. आता भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, की वरची रक्कम वेतनातच धरायची. तीस हजारांचे निम्मे पंधरा, भत्ते वीस, म्हणजे वरचे पाच हजार वेतनात आले. वेतन झालं पंधरा हजार.

याच माणसाची वीस वर्षं भरली आहेत असं धरा. ग्रॅच्युइटी म्हणजे वेतन भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. दहा हजारांवर 1,15,385 रुपये होत होते, पंधरा हजारांवर 1,73,077 होतात. आणि हिशेब शेवटच्या वेतनावर असतो, म्हणून मागची वर्षंही नव्या दरानेच मोजली जातात. असे जुने कामगार तुमच्याकडे किती, ते आज रात्री घरी मोजा. तो आकडा ताळेबंदात कुठेच नसेल, तर माणूस निवृत्त होताना धावाधाव होईल. कामगाराच्या बाजूने पाहिलं तर हा त्याचाच पैसा होता, आपण तो नावं बदलून बाजूला ठेवला होता. मला तरी हा बदल रास्त वाटतो.

ठरावीक मुदतीवर माणसं घेत असाल तर आणखी एक. पूर्वी पाच वर्षं भरायच्या आत नारळ दिला की ग्रॅच्युइटीचा प्रश्नच नसे. आता मुदतीच्या नोकरीत एका वर्षानंतरही ती लागू होते. कायम कामगाराला पाच वर्षांची अट आहेच.

आणि हिशेब चुकता करणं. माणूस सोडून गेला किंवा तुम्ही काढला, तरी त्याचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. ‘पुढच्या महिन्याच्या सात तारखेला ये’ हे आता चालणार नाही. त्यासाठी हजेरी रोजच्या रोज लिहिलेली हवी. नियुक्तिपत्रही प्रत्येकाला द्यायचं, अगदी जुन्या हेल्परलासुद्धा. त्याचा नमुना मी सोबत दिलाय. त्यात वेतनाचा आकडा भरताना आधी निम्म्याचा हिशेब करा, मग सही करा.