अज्ञात वस्तूचा पाठलाग

आकाशांत न ओळखतां येणारें कांहीं दिसलें, कीं सामान्य मनुष्याचें कुतूहल जागें होतें. परंतु तेंच लष्करी वैमानिकाच्या दृष्टीस पडलें, तर कुतूहलाच्या जागीं कर्तव्य उभें राहतें. ती वस्तु शत्रूची तर नाहीं ना, हें पाहणें त्याला भाग असतें. अशाच कर्तव्यापायीं १९४८ सालीं अमेरिकेंतील एका वैमानिकाचे प्राण गेले; आणि त्या मृत्यूच्या चौकशीची हकीकत त्या वस्तूपेक्षांही अधिक बोधप्रद आहे.

त्या वर्षीं ७ जानेवारीला दुपारीं, केंटकी राज्यांतील फोर्ट नॉक्सजवळच्या गॉडमन विमानतळावरील अधिकाऱ्यांना आकाशांत एक पांढरी, वाटोळी वस्तु दिसूं लागली. दुर्बिणींतून पाहूनही तिचा उलगडा होईना. त्याच सुमारास ‘मस्टँग’ जातीचीं चार लढाऊ विमानें तिकडून चाललीं होतीं. त्यांचा नायक होता पंचवीस वर्षांचा कॅप्टन थॉमस मँटेल. १९४४ च्या नॉर्मंडीच्या स्वारींत भाग घेतलेला, पदक मिळविलेला असा हा वैमानिक. त्या वस्तूचा शोध घ्यावा, अशी विनंती त्याला मनोऱ्यावरून करण्यांत आली.

एक विमान इंधन कमी असल्यामुळें पुढें निघून गेलें. बाकीचीं तीन वर चढूं लागलीं. सुमारें बावीस हजार फुटांवर मँटेलचे दोघे सोबती थांबले व परतले. इतक्या उंचीवर हवा विरळ असते, आणि जवळ प्राणवायु नसेल तर मनुष्याची शुद्ध हरपूं लागते. मँटेलच्या विमानांत ती सोय नव्हती. तरीही तो चढतच राहिला. धातूसारखी दिसणारी, अतिविशाल अशी वस्तु पुढें असल्याचा त्याचा निरोप आला, असें नमूद आहे. पुढें फ्रँकलिन गांवाजवळ त्याचें विमान कोसळलेलें आढळलें.

मँटेल बेशुद्ध झाला तो प्राणवायूच्या अभावीं, असा निष्कर्ष निघाला. पण तो कशाच्या मागें गेला, हा प्रश्न उरलाच. अशा वस्तूंच्या तपासासाठीं हवाईदलानें ‘साइन’ नांवाची योजना नुकतीच हातीं घेतली होती. तिचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक, यांनीं शुक्राचें नांव सुचविलें. कारण त्या वेळीं शुक्र आकाशाच्या त्याच भागांत होता. उत्तर सोयीचें होतें, पण पटणारें नव्हतें. भर दिवसां शुक्र दिसलाच, तर सुईच्या टोंकाएवढा. तो इतक्या लोकांना वाटोळा व विस्तीर्ण कसा दिसावा? या उत्तरानें शंका मिटली नाहीं. उलट परग्रहावरील यानाच्या वदंतेला जोर चढला.

खरा दुवा दुसऱ्याच कपाटांत होता. १९४७ च्या सप्टेंबरापासून अमेरिकन आरमार ‘स्कायहुक’ नांवाचे प्रचंड फुगे सोडीत होतें. पातळ प्लॅस्टिकचे, फुगल्यावर सुमारें शंभर फूट व्यासाचे हे फुगे विश्वकिरणांचीं यंत्रें घेऊन लाखभर फुटांपर्यंत चढत, आणि सूर्यप्रकाशांत धातूसारखे चकाकत. परंतु ही योजना गुप्त होती. मनोऱ्यावरील अधिकाऱ्यांना तिची वार्ता नव्हती, मँटेलला नव्हती, आणि आरंभींच्या तपासनिसांनाही नव्हती. पुढें ‘ब्लू बुक’ योजनेचे प्रमुख कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट यांनीं तीं कागदपत्रें पुन्हां चाळलीं, तेव्हां फुग्याचा संभव ठळकपणें पुढें आला. आज बहुतेक अभ्यासकांचें मत तेंच आहे.

हवाईदलानें १९६९ सालीं हें तपासकार्य बंद केलें, तेव्हां एकंदर १२,६१८ नोंदींपैकीं ७०१ नोंदी अनिर्णीत राहिल्या होत्या. ‘अनिर्णीत’ हा शेरा कोणत्याही दप्तराला कमीपणाचा वाटतो. पण शुक्राच्या नांवानें घाईनें मिटविलेल्या प्रकरणापेक्षां तो अधिक प्रामाणिक होय. मँटेलच्या बाबतींत गुपित परग्रहाचें नव्हतें. बहुधा तें त्याच्याच राष्ट्राच्या दुसऱ्या दलाचें होतें. एका दलानें जें जाणून लपविलें, त्याच्या मागें दुसऱ्या दलाचा वैमानिक न जाणतां धांवला.