कादंबरीचा खटला

(शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आठवीच्या वर्गास कादंबरी शिकवावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ वर्षे छळीत होता. कथानक सांगावे, स्वभावचित्रे उतरवून द्यावीत आणि परीक्षेत तीच परत घ्यावीत, हा आपला राजमार्ग. त्या मार्गाने मुले उत्तीर्ण होतात. कादंबरी मात्र कोणी वाचीत नाही. म्हणून आम्ही हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीवर वर्गात खटलाच उभा केला. आरोपी शंकरमामंजी, आरोप, यमूचे बळजबरीने केशवपन करविल्याचा. सबंध पुस्तक आठवीस पेलणारे नव्हे, म्हणून निवडक प्रकरणे घेतली. नऊ मुलामुलींची ज्यूरी बसविली. ज्यूरी म्हणजे काय, हे आधी समजावून द्यावे लागले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थानच उरले नाही, मग मुलांना ती कोठून ठाऊक असणार?

नियम एकच ठेवला: जे बोलावयाचे ते पुस्तकातील पान दाखवून. ‘मामंजी दुष्ट होते’ असे म्हणणाऱ्या फिर्यादी वकिलास बचावाच्या मुलाने विचारले, ‘हे सांगते कोण?’ सांगते यमू. सारी हकीकत तिच्याच तोंडून आलेली. दुसरा साक्षीदार नाही. मग तिचे म्हणणे खरे कशावरून मानावयाचे, यावर अर्धा तास वाद झाला. निवेदक कशास म्हणतात याची व्याख्या आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो; ती मुलांना त्या दिवशी कळली.

पुढे बचावाने रूढीची ढाल पुढे केली. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, ‘वस्तरा ज्याच्या हाती होता, त्याला का बोलावीत नाही?’ आम्ही सांगितले की, १८९० साली, म्हणजे हरिभाऊंनी ‘करमणूक’ सुरू केले त्याच वर्षी, मुंबईत नाभिक मंडळींनी सभा भरवून विधवांचे वपन न करण्याचा निर्धार केला होता. रूढीला नाही म्हणता येत होते! पण हा पुरावा पुस्तकाबाहेरचा, म्हणून बचावाने हरकत घेतली, आणि ती आम्हांस मुकाट्याने मान्य करावी लागली.

निकाल लागला आठ विरुद्ध एक. ती एक मुलगी एरवी तोंड न उघडणारी. ती म्हणाली, ‘मामंजी निर्दोष नाहीत. पण त्यांना एकट्यालाच दोषी धरले, तर पाहून न पाहिल्यासारखे करणारे सगळे सुटतील.’ एकमत व्हावे म्हणून आम्ही तिला जरा दटावलेच. ती बधली नाही, आणि आमचे आम्हांलाच ओशाळे वाटले. १९०८ साली लोकमान्यांच्या खटल्यात ज्यूरीचा कौल सात विरुद्ध दोन असा पडला, हे आम्हीच या मुलांना शिकविले होते. त्या दोघांना कोणी दटावले असते, तर आपण काय म्हटले असते? तिचे म्हणणे निकालपत्रात वेगळे लिहून घेतले.

या सर्वास पाच तास लागले. अभ्यासक्रम तेवढा मागे पडला. ज्यांना हे करून पाहावयाचे असेल, त्यांनी वकिली बोलक्या मुलांस द्यावी आणि ज्यूरीत अबोल मुले बसवावीत. आम्ही पहिल्या वर्षी उलट केले होते.