व्हिसाचे पैसे कोणी भरायचे?

मागच्या आठवड्यात दापोलीकडच्या एका पोराचा व्हॉइस मेसेज आला. ‘दादा, दुबईचं काम आहे. एजंट व्हिसाचे ऐंशी हजार मागतोय. सोमवारपर्यंत भरायचेत. भरू का?’ मी त्याला लगेच फोन लावला. पण जे बोललो ते तुम्ही सगळ्यांनीच ऐकावं असं वाटलं, म्हणून आजचा हा भाग.

आधी माझी गोष्ट सांगतो. मी फ्रीज-एसीचा मेकॅनिक. आयटीआय केलं आणि चिपळूणच्या बाजारात भाड्याच्या गाळ्यात दुकान टाकलं. २२ जुलै २०२१ चा पूर आठवतोय ना? माझ्या दुकानात डोक्याच्या वर पाणी होतं. गिऱ्हाइकांचे दुरुस्तीला आलेले अकरा फ्रीज गेले, अवजारं गेली. डोक्यावर कर्ज झालं. दोन वर्षं कशीबशी ढकलली, आणि २०२३ मध्ये ओळखीतून एक एजंट भेटला. दुबईत एसी टेक्निशियन, महिना अठराशे दिरहम, राहणं कंपनीचं. व्हिसाचे नव्वद हजार. आईने पतसंस्थेत दागिने ठेवले. मी फोनवरून तीन वेगवेगळ्या नंबरांवर पैसे पाठवले. पावती मागायचीही लाज वाटली, ओळखीतला माणूस ना!

निघायच्या आदल्या दिवशी व्हिसाचा कागद आला. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, टुरिस्ट. मी विचारलं, तर म्हणाला, ‘अरे, तो फक्त आत शिरण्यापुरता. तिकडे गेलास की कंपनी बदलून देते. विमानतळावर विचारलं तर सांग, मावसभावाकडे फिरायला चाललोय.’

मी तसंच सांगितलं. मंडळी, मला तिथेच कळायला हवं होतं. ज्या नोकरीसाठी विमानतळावर खोटं बोलावं लागतं, ती नोकरी खरी कशी असेल?

देरामध्ये एका खोलीत आम्ही आठ जण. एका छोट्या मेंटेनन्सवाल्याकडे पाच आठवडे गच्चीवरच्या उन्हात काम केलं. हातात पडले फक्त जेवणापुरते पैसे. व्हिसा बदलायचं विचारलं की, ‘पुढच्या आठवड्यात.’ साठ दिवस संपले. त्यानंतर दिवसाला ५० दिरहम दंड. तक्रार करायची भीती, कारण माझ्या हातात करार नाही, आणि टुरिस्ट व्हिसावर काम करणं हाच मुळात गुन्हा. शेवटी गावच्या एका काकांनी दंड भरला, तिकीट काढून दिलं आणि मी परत आलो. दागिने अजून पतसंस्थेतच होते.

आता मुद्द्याचं बोलू. आपण ‘स्पॉन्सर’ हा शब्द सारखा वापरतो, जुने लोक ‘कफील’ म्हणतात. पण त्याचा अर्थ काय? तुमची गरज ज्याला आहे आणि तुमची जबाबदारी जो सरकारकडे लिहून देतो, तो स्पॉन्सर. तात्पुरत्या कामाच्या व्हिसाचा अर्ज मुळात कंपनी करते. यूएईमध्ये कंपनीला आधी तिथल्या कामगार मंत्रालयाकडून वर्क परमिट घ्यावं लागतं. मग तुमचा एंट्री परमिट येतो, त्यावर नोकरीसाठी असं लिहिलेलं असतं. तिथे उतरल्यावर मेडिकल, एमिरेट्स आयडी, रेसिडेन्सी. आणि तिथला २०२१ चा कामगार कायदा सांगतो की भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून घ्यायचा नाही. सरळही नाही आणि आडमार्गानेही नाही.

म्हणजे व्हिसा ही आपण विकत घ्यायची वस्तूच नाही. कोणी तो विकतोय, तर त्याच्यामागे कंपनी आहे का, हे आधी बघा.

मग एजंटला एक पैसाही द्यायचा नाही का? तसं नाही. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. परदेशी कामासाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे भारत सरकारचा परवाना लागतो. तो सेवाशुल्क घेऊ शकतो, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४००. तेही पावती देऊन. परवाना चालू आहे की नाही, हे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर मोबाइलवरूनही दिसतं. माझ्या एजंटचं नाव तिथे नव्हतं. बघायला पाच मिनिटं लागली असती.

आता एक गोष्ट नीट ऐका. जो दहावी पास नाही, त्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो. आखाती देश धरून १८ देशांत कामाला जाताना त्याला सरकारची मंजुरी लागते. त्या निमित्ताने करार, कंपनी, विमा हे कोणीतरी तपासतं. आपण दहावी पास, आयटीआयवाले, आपल्याला ती मंजुरी लागत नाही. आपल्याला वाटतं, बरं झालं, कटकट वाचली. पण त्याचा अर्थ असा की आपले कागद तपासणारं दुसरं कोणी नाही. ते आपणच तपासायचे.

काय तपासायचं? ऑफर लेटर. यूएईच्या ऑफर लेटरमध्ये अरबी आणि इंग्रजीसोबत हिंदीसुद्धा मिळू शकते, ती मागा. त्यात एकूण पगार बघू नका, बेसिक बघा. एकूण पंधराशे आणि बेसिक फक्त सहाशे असेल तर सावध व्हा, कारण ओव्हरटाइम आणि नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी बेसिकवरच मोजतात. कतारला जाणाऱ्यांचं थोडं सोपं आहे. त्यांचं व्हिसा केंद्र मुंबईतच आहे. मेडिकल, बोटांचे ठसे आणि करारावर सही निघायच्या आधी इथेच होते. तिथे सही करण्याआधी वाचा. मागे रांग असली तरी वाचा.

आणि प्रवासी भारतीय विमा योजना काढा. दोन वर्षांचे २७५ रुपये, १० लाखांचं कवच. एका बिर्याणीचे पैसे!

दुसऱ्यांदा मी २०२४ मध्ये गेलो. परवानाधारक एजंट, हातात पावती, कागदावर नोकरीचा व्हिसा. मेडिकल आणि आयडीचे पैसे कंपनीने भरले. विमानतळावर विचारलं, ‘कशाला चाललास?’ मी म्हटलं, ‘कामाला.’ तो एक शब्द खरा बोलताना किती हलकं वाटलं, सांगता येत नाही. दागिने मागच्या दिवाळीत सोडवले.

तर दापोलीच्या भावा, सोमवारी पैसे भरू नकोस. एजंटकडे तीन गोष्टी माग: परवाना क्रमांक, कंपनीचं ऑफर लेटर आणि पावती. खरा असेल तर देईल. चिडला, घाई केली, ‘दुसरा पोरगा तयार आहे’ म्हणाला, तर त्या दुसऱ्या पोराला हा भाग पाठव.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.