भाकरी तव्यावर की दुरडीत?

(इंग्रजी शिकू लागलेल्या प्रौढांच्या वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्ही मराठी वाचायला शिकलात. आता तुमच्यापैकी काही जणांनी इंग्रजी अक्षरे गिरवायला घेतली आहेत. ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. घरातली मुले तर पहिलीपासूनच इंग्रजी शिकतात. महाराष्ट्रात २००० सालापासून तशी सुरुवात झाली. मुलगा पुस्तक घेऊन जवळ बसतो आणि विचारतो, "आई, इथं ‘वेंट’ का, आणि तिथं ‘वॉज गोइंग’ का? दोन्ही मागचीच गोष्ट ना?" अशा वेळी आईला आणि बापाला उत्तर देता आले पाहिजे. आज आपण त्याच प्रश्नाचा उलगडा करू.

मागे घडलेली गोष्ट सांगण्याच्या इंग्रजीत अनेक रीती आहेत. त्यांपैकी दोन रोज लागतात.

पहिली रीत साधी आहे. ‘आय वेंट’ म्हणजे मी गेलो. ‘आय केम’ म्हणजे मी आलो. ‘आय वॉक्ड’ म्हणजे मी चाललो. याला साधा भूतकाळ म्हणतात. पुष्कळ क्रियापदांच्या शेवटी ‘ईडी’ ही दोन अक्षरे लावली की तो तयार होतो. काही क्रियापदे मात्र आपले रूपच बदलतात. ‘गो’चे ‘वेंट’ होते, ‘कम’चे ‘केम’ होते, ‘टेक’चे ‘टुक’ होते. ही रूपे पाढ्यांसारखी पाठ करावी लागतात. त्याला दुसरा इलाज नाही.

दुसरी रीत अशी : ‘आय वॉज गोइंग’ म्हणजे मी जात होतो. यात आधी ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ येते आणि क्रियापदाच्या शेवटी ‘इंग’ लागते. ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’ यांच्याबरोबर ‘वॉज’ घ्यावे. ‘वी’, ‘यू’, ‘दे’ यांच्याबरोबर ‘वेअर’ घ्यावे. याला चालू भूतकाळ म्हणतात. शाळेच्या व्याकरणात त्याला अपूर्ण भूतकाळ असेही म्हणतात.

आता यातले कोणते रूप कधी घ्यायचे? त्यासाठी चुलीकडे बघा. भाकरी तव्यावर असते तेव्हा काम चालू असते. ती उलटायची असते, शेकायची असते. भाकरी दुरडीत पडली की काम संपले. आपण ज्या वेळेची गोष्ट सांगतो आहोत, त्या वेळी भाकरी तव्यावर होती की दुरडीत? तव्यावर असेल तर ‘वॉज’ आणि ‘इंग’. दुरडीत असेल तर साधा भूतकाळ.

एक उदाहरण घेऊ. पाहुणे आले तेव्हा आम्ही जेवत होतो. म्हणजे पाने आधीच वाढलेली होती, घास हातात होता, आणि तेवढ्यात पाहुणे दारात उभे राहिले. इंग्रजीत हे ‘वी वेअर ईटिंग’ असे सांगतात. आता दुसरे वाक्य. पाहुणे आले आणि मग आम्ही जेवलो. म्हणजे पाहुण्यांची वाट पाहिली, ते आले, पाट मांडले, सगळे मिळून जेवलो. इथे ‘वी एट’ म्हणायचे. एका वाक्यात पाहुण्याच्या आधी घास उचलला, दुसऱ्यात पाहुण्याला मान दिला. फरक एवढ्याशा ‘इंग’चा आहे, पण पाहुण्याला विचारा तो केवढा आहे!

याहून मोठा फरकही पडतो. पोर विहिरीत बुडत होते, असे आपण म्हटले तर ऐकणारा विचारतो, "मग कोणी उडी टाकली? वाचलं का?" पोर बुडाले म्हटले, की विचारायला काही उरत नाही. इंग्रजीत ‘द बॉय वॉज ड्राउनिंग’ म्हणजे पोर बुडत होते, अजून आशा होती. ‘द बॉय ड्राउन्ड’ म्हणजे पोर गेले. दूरदेशी असलेल्या माणसाला असा निरोप पाठवताना रूप चुकले, तर त्याच्या काळजाचे काय होईल?

अपघाताची हकीकत सांगतानाही हेच. ‘आय वॉज क्रॉसिंग द रोड’ म्हणजे मी रस्ता ओलांडत होतो, रस्त्याच्या मध्येच होतो. ‘आय क्रॉस्ड द रोड’ म्हणजे मी रस्ता ओलांडला, पलीकडे पोचलो. मग ट्रकची धडक बसली ती रस्त्यात की रस्त्याच्या कडेला? चूक कोणाची, भरपाई किती, हे ठरवणारा माणूस हेच आधी बघतो. आणि ती धडक मात्र साध्या भूतकाळातच सांगायची : ‘अ ट्रक हिट मी’. चालू कामाच्या मध्ये जी गोष्ट एकदम घडते, ती साध्या रूपात येते. हे ध्यानात ठेवा.

इथे एक गैरसमज काढून टाकू. पुष्कळांना वाटते, जे काम फार वेळ चालले त्याला ‘इंग’ लावावे. तसे नाही. रात्रभर पाऊस पडला. रात्र केवढी मोठी! तरी इंग्रजीत ‘इट रेन्ड ऑल नाइट’ असेच म्हणतात. कारण पाऊस पडला, थांबला, हिशेब पुरा झाला. मुंबईच्या गिरणीत एखाद्याने वीस वर्षे काम केले, तरी तो ‘आय वर्क्ड’ असेच सांगेल. उलट दिवा गेला त्या क्षणी तुम्ही सुईत दोरा ओवत असाल, तर काम चिमूटभर असूनही तिथे ‘वॉज’ आणि ‘इंग’ येईल. तेव्हा काम किती लांब चालले ते मोजू नका. त्या घटकेला ते चालू होते का, एवढेच विचारा.

आता आपल्या मराठी माणसाची खरी अडचण सांगतो. आपल्या बोलण्यात ‘करत होतो’ हे एकच रूप दोन कामे करते. "तू हाक मारलीस तेव्हा मी धार काढत होतो," असे आपण म्हणतो. ते त्या एका घटकेचे काम झाले. "लहानपणी मी गुरं चारत होतो," असेही आपण म्हणतो. ती रोजची रीत झाली. मराठीत दोन्हीकडे ‘होतो’ चालते. इंग्रजी मात्र दोन्ही वेगळी ठेवते. पहिल्यासाठी ‘वॉज’ आणि ‘इंग’ घ्यायचे. दुसऱ्यासाठी साधा भूतकाळ घ्यायचा, किंवा ‘यूज्ड टू’ हे शब्द घ्यायचे. ‘यूज्ड टू’ म्हणजे पूर्वी नेहमी असे होत असे.

हे ओळखायची खूण आपल्याच भाषेत आहे. ‘चारत होतो’ या जागी ‘चारायचो’ म्हणून पाहा. "लहानपणी मी गुरं चारायचो." वाक्य बसले. म्हणजे ती रीत आहे, इथे ‘इंग’ नको. आता "तू हाक मारलीस तेव्हा मी धार काढायचो," असे म्हणून पाहा. एका दिवसाच्या त्या हाकेला हे बसत नाही, कानाला खटकते. म्हणजे ते त्या घटकेचे काम आहे, इथे ‘इंग’ हवे. जुन्या पुस्तकांत ‘चारीत असे’ हे रूप दिसते. तेही रीतीचेच. ‘चारायचो’ आणि ‘चारीत असे’ ही ज्याची रूपे बसतात, त्याला ‘वॉज’ लावू नये.

यात आपले काय अडले, असे कोणी विचारील. तर ऐका. आपल्या राज्याची राजभाषा मराठी आहे. त्यासाठी १९६४ साली कायदा झाला. तालुक्याच्या कोर्टात आपण मराठीत साक्ष देतो. पण राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. मुंबईच्या उच्च न्यायालयाचे कामही इंग्रजीत चालते. म्हणून खटला तिथवर गेला, की आपल्या मराठी कागदाचे इंग्रजी होते.

समजा, बांधावरच्या वाटेचा तंटा आहे. एक म्हातारा शेतकरी सांगतो, "आम्ही त्या वाटेनं गाडी नेत होतो." त्याला म्हणायचे आहे, बापजाद्यांपासून नेत होतो. पण इंग्रजीत ‘वी वेअर टेकिंग अवर कार्ट’ असे झाले, तर वाचणाऱ्याला वाटेल, कोण्या एका दिवशी गाडी नेत होते. ‘वी यूज्ड टू टेक अवर कार्ट’ असे झाले, तर नेहमीची वहिवाट दिसेल. आणि वहिवाटीला कायद्यात मोल आहे. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यात असे आहे, की दुसऱ्याच्या जमिनीतली वाट शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पाडता वीस वर्षे वापरली, तर वाटेचा हक्क मिळू शकतो. वीस वर्षांची वाट एका दिवसाची दिसली तर म्हाताऱ्याचे नुकसान होईल.

मग ज्याला इंग्रजी येत नाही त्याने काय करावे? त्याने मराठीतच वाक्य पक्के करावे. "नेत होतो" एवढ्यावर थांबू नये. "दर सुगीला नेत होतो, अमुक सालापासून नेत होतो," असे म्हणावे. एका दिवसाची गोष्ट असेल तर "त्या दिवशी, त्या वेळी नेत होतो," असे म्हणावे. शब्द पुरे असले की भाषांतर करणाऱ्याचीही चूक होत नाही. फौजदारी कोर्टात साक्ष लिहून झाली की ती साक्षीदाराला वाचून दाखवावी आणि चूक असेल तर दुरुस्त करावी, असा नियम आहे. ती कान देऊन ऐका. संकोच करू नका.

आणखी एक गोष्ट सांगून पुरे करतो. काही क्रियापदे ‘इंग’ला जवळ करीत नाहीत. माहीत असणे, हवे असणे, जवळ असणे, ही ती क्रियापदे. यांत हातपाय हलवून करायचे असे काही काम नसते. मला माहीत होते, हे ‘आय न्यू’ असे सांगावे. ‘आय वॉज नोइंग’ म्हणू नये. माझ्याकडे दोन बैल होते, हे ‘आय हॅड टू बुलक्स’ असे सांगावे. ‘आय वॉज हॅविंग टू बुलक्स’ असे पुष्कळ शिकलेली माणसेही बोलतात, पण ते शुद्ध नव्हे.

तर मंडळी, तोंड उघडण्याआधी मनाला दोन प्रश्न विचारा. पहिला प्रश्न : ही त्या वेळची गोष्ट, की नेहमीची? नेहमीची असेल तर साधे रूप, किंवा ‘यूज्ड टू’. दुसरा प्रश्न : त्या वेळी काम चालू होते, की पुरे झाले? चालू असेल तर ‘वॉज’ किंवा ‘वेअर’, आणि ‘इंग’. पुरे झाले असेल तर साधे रूप. हे दोन प्रश्न ज्याला विचारता आले, त्याला मुलाच्या पुस्तकातले निम्मे कोडे सुटले.

घरी गेल्यावर ही वाक्ये मुलांबरोबर बसून सोडवा. कुठे ‘इंग’ लागेल ते सांगा.

१. काल मी बाजारातून बियाणे आणले.
२. वीज पडली तेव्हा आम्ही झाडाखालून पळत होतो.
३. माझी आजी पहाटे जात्यावर दळत होती आणि ओव्या म्हणत होती.
४. आम्ही दिवसभर कापूस वेचला.
५. तलाठी आले तेव्हा मी मोट दुरुस्त करत होतो.

दुसऱ्या आणि पाचव्या वाक्यात ‘इंग’ येईल. पहिल्यात आणि चौथ्यात काम पुरे झाले आहे. तिसऱ्या वाक्याशी जरा थांबा. आजी रोज दळायची असेल तर ‘इंग’ नको. पण त्या एका पहाटे तुम्ही जागे झालात आणि ती दळत होती, असे सांगायचे असेल, तर ‘इंग’ हवे. वाक्य एकच आहे. कोणती पहाट सांगायची, ते तुम्हीच ठरवायचे.