पोच देण्याआधी कागद मोजा

आज आम्ही बोलणार आहोत कोर्टाच्या कागदांबद्दल. खून-दरोड्याच्या मोठ्या खटल्यांबद्दल नाही, तर नळावरच्या, बांधावरच्या भांडणातून उभ्या राहणाऱ्या लहान खटल्यांबद्दल.

आमच्या बचत गटातल्या एका ताईवर असाच मारहाणीचा गुन्हा दाखल झाला. दोषारोपपत्राच्या नकला मिळाल्या, पण त्यात दवाखान्याचा दाखला नव्हता. "मागून येईल," एवढंच उत्तर मिळालं. दर तारखेला तिची मजुरी बुडायची, वर एसटीचं भाडं. कुणीतरी म्हणालं, "कबूल करून टाक, दंड भर नि मोकळी हो." आम्हालाही ते पटलं होतं, हे आज कबूल करतो. तिनं मात्र ऐकलं नाही.

साक्षीच्या दिवशी सकाळी तो दाखला हातात पडला. तपासणीची तारीख भांडणानंतर दोन दिवसांची! तेवढ्यानं कुणी निर्दोष ठरत नाही. पण विचारायचा प्रश्न तिथंच दडलेला होता. वकिलांनी मुदत मागितली, मिळाली. खटला अजून चालू आहे. न वाचताच कबुली दिली असती, तर गुन्हा शाबीत झाल्याची नोंद राहिली असती. उद्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी झाली, की तीच आडवी येते.

आता कायदा काय म्हणतो? जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २०७ मध्ये नकला विनाविलंब आणि मोफत द्याव्यात, असं होतं. दिवस ठरलेले नव्हते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम २३० प्रमाणे, पोलिसांनी दाखल केलेल्या खटल्यात आरोपी कोर्टात हजर झाल्यापासून जास्तीत जास्त १४ दिवसांत नकला द्यायच्या असतात: प्रथम खबर, दोषारोपपत्र, साक्षीदारांचे जबाब आणि सोबतचे कागद. पीडितेनं वकील दिला असेल, तर तिलाही. म्हणजे हा हक्क भांडणाच्या दोन्ही बाजूंचा आहे. कागद रखडले की फिर्यादी बाईचाही न्याय रखडतो.

मग करायचं काय? नकला मिळाल्याची पोच देण्याआधी यादी आणि पानं जुळवून पाहा. कागद कमी असेल, तर कोर्टात लेखी अर्ज द्या. उशिरा आलेला कागद आपोआप बाद होत नाही. पण तो वाचायला मुदत मागता येते. आणि सगळे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय गुन्हा कबूल करू नका.

वकिलाला पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा.

एकटीनं जाऊ नका. आम्हीही आता तारखेला ताईसोबत जातो.