शाळेतील वादनशिक्षकाचा अभ्यास



ज्या खेड्यातील शाळेजवळ पेटी आहे, तेथेही ती बहुधा कपाटात असते. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी या दोन दिवशी भजनी मंडळातील एखाद्या बुवांस बोलावून ती बाहेर काढावयाची व संध्याकाळी पुन्हा कुलुपात ठेवावयाची, असा परिपाठ असतो. पेटी आहे, गाणारी मुले आहेत. वाजवून शिकविणारा मात्र नाही.

हा शिक्षक बाहेरून नेमून येईल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. परंतु ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही पटसंख्या शंभरावर असेल तेव्हा. पहिली ते पाचवीच्या शाळेस ती लागू होत नाही. इकडे प्राथमिक अभ्यासक्रमात गायनाबरोबर वादनही आहे. म्हणजे जो गुरुजी गणित शिकवितो त्यानेच ताल शिकवावयाचा, जी बाई वाचन शिकविते तिनेच सूर द्यावयाचा. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच, की त्यांनी काय शिकावे आणि कोठे.

संगीत शिकविणाऱ्याचा अभ्यास हा मैफलीच्या कलावंताच्या अभ्यासाहून निराळा असतो, ही जाणीव महाराष्ट्रातील एका गवयास शंभर वर्षांपूर्वीच झाली होती. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या डोळ्यांस लहानपणी फटाक्याच्या दारूने इजा झाली, शाळा सुटली, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ त्यांचे गायनाचे शिक्षण झाले. १९०१ साली त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ साली मुंबईस आणले. तेथे त्यांनी सामान्य विद्यार्थ्यांच्या वर्गांखेरीज उपदेशक वर्ग चालविला. इतरांस शिकवू शकतील अशी माणसे तयार करणे, हा त्याचा हेतू. क्रमिक पुस्तके, स्वरलेखन, पायरीपायरीचा अभ्यासक्रम ही सारी खटपट त्यासाठीच होती. कर्जापायी मुंबईची इमारत हातची गेली. परंतु त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. याच मंडळाच्या परीक्षांना आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील खाजगी वर्गांचे विद्यार्थी बसतात.

हा पट्टा संगीताच्या दृष्टीने कोरडा नाही. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये टाळ व डब्याच्या पत्र्यावरील ठेका यांच्या साथीने चालणारे भजन कोणी ऐकले नाही? उल्हासनगर तर महायुद्धकाळातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसविलेले गाव. त्यांच्या घरांतून भगत या लोकप्रकाराची आठवण आहे. वर्गांची सोय या तिन्ही शहरांत आहे, कल्याणास गायन समाजही आहे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था बदलापूरजवळ रहाटोलीस असल्यामुळे प्रशिक्षणार्थी शिक्षकांची या भागात ये-जा असते. तथापि प्रशिक्षणवर्गाच्या चार दिवसांत वाद्याची ओळख होते, हात तयार होत नाही. हातास रोजचा अर्धा तास लागतो, आणि तो वर्षानुवर्षे द्यावा लागतो.

अशी कल्पना करावी, की बारवी धरणाच्या वाटेवरील एका द्विशिक्षकी शाळेतील चाळिशीचे गुरुजी आठवड्यातून दोनदा बदलापुरास पेटी शिकावयास जातात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण आणि मग विशारदचे दोन भाग, असा तो सात पायऱ्यांचा जिना आहे. पहिल्या पायरीवर त्यांच्या शेजारी दहा वर्षांची मुलगी परीक्षेस बसलेली असते, आणि तिची बोटे गुरुजींपेक्षा चपळ चालतात. पुष्कळ शिक्षकांचा अभ्यास येथेच थांबतो; बोटांच्या ताठरपणामुळे नव्हे, संकोचामुळे. वास्तविक ही परीक्षा गुरुजींना जे शिकविते ते कोणत्याही पुस्तकात नाही. न येणाऱ्या मुलास वर्गात कसे वाटते, हे त्यांस पुष्कळ वर्षांनी पुन्हा कळते. सातही पायऱ्या चढल्याच पाहिजेत असे नाही. चौथीपर्यंतच्या मुलांस शिकविण्यासाठी प्रवेशिका पूर्णपर्यंतचा पक्का हात पुरतो. पुढचे ज्याच्या त्याच्या आवडीवर.

परंतु परीक्षेच्या अभ्यासक्रमात नसलेले काही शाळेत हवे असते. पहिली गोष्ट, पट्ट्यांकडे न पाहता वाजविणे. परीक्षार्थीने बोटांकडे पाहिले तर चालते; शिक्षकाची नजर मुलांवर हवी. वीज गेल्यावर अंधारात अलंकार वाजविण्याचा सराव करावा. दोन आणि तीन अशा गटांतील काळ्या पट्ट्या हातास लागल्या, की पांढऱ्या आपोआप सापडतात.

दुसरी गोष्ट मुलांच्या पट्टीची. बुवांस भजन काळी एकमध्ये सोयीचे, म्हणून मुलांसही तीच पट्टी सोयीची, हा समज काढून टाकावा. गाणे तारसप्तकात चढले की मुले गाणे सोडून ओरडू लागतात, आणि त्याचा दोष मुलांवर येतो. शिक्षकाने प्रत्येक प्रार्थनागीत निदान तीन पट्ट्यांत बसवावे, मुलांकडून म्हणवून पाहावे आणि जेथे शेवटच्या रांगेतील आवाजही मोकळा निघतो तो स्वर षड्ज धरावा. पट्टी बदलली की बोटांची चाल बदलते; हाच खरा अभ्यास. त्यासाठी महागडी स्केलचेंजर पेटी घेण्याचे कारण नाही.

पेटीविषयी जाणकारांचे आक्षेप आहेत व ते खरे आहेत. तिचे स्वर ठराविक, तिच्यातून मींड निघत नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर घातलेली बंदी सुमारे तीस वर्षे टिकली. शाळेत मात्र हा दोषच उपयोगी पडतो. नवशिक्याच्या हातूनही पेटीचा स्वर ढळत नाही, आणि साठ मुलांस धरावयास एक निश्चित स्वर मिळतो.

तिसरी गोष्ट लयीची. राष्ट्रगीताच्या पूर्ण गायनास सुमारे ५२ सेकंद लागावेत असा दंडक आहे. घड्याळ समोर ठेवून पाहिले, तर कित्येक ठिकाणी ते मिनिटापलीकडे रेंगाळलेले आढळेल. ठेका पक्का नसलेला वादक मुलांच्या मागोमाग जातो आणि मुले त्याच्या मागोमाग जातात, असा तो प्रकार असतो. म्हणून पेटी शिकणाऱ्यानेही तबल्याचे किंवा ढोलकीचे तीन ठेके हाताने वाजविण्याइतके शिकावे: सहा मात्रांचा दादरा, आठ मात्रांचा केरवा आणि भजनी ठेका. भजनी ठेका तर गावातील पखवाजीच शिकवील. त्यास गुरू करण्यात कमीपणा मानू नये.

एक पेटी आणि चाळीस मुले, हे गणित सोडविण्याचे साधे उपाय आहेत. पुठ्ठ्यावर पेटीच्या पट्ट्या आखून दिल्या, की दहा मुले बोटे चालवितात, एक मूल खरी पेटी वाजविते, दुसरे भाता हलविते. उरलेल्यांच्या हाती टाळ, झांज, लेझीम किंवा नुसती टाळी आणि खाली. जे मूल अक्षरांत अडखळते तेच पुष्कळदा खाली चुकवीत नाही. त्या मुलास ठेका धरावयास पुढे बसविले, तर वाचनाच्या तासासही ते थोडे पुढे सरकून बसते.

दुरुस्तीचा अभ्यासही यातच येतो. भाता फुटला, पट्टी अडकली, की वर्षभर पेटी पडून राहते. भात्याची गळती शोधणे, सुरातील धूळ मऊ ब्रशने काढणे, हातोडीने गजऱ्यावर ठोकून तबला उतरविणे व चढविणे, ही कामे वर्गातील गुरूंकडून आग्रहाने मागून शिकावी. बदलापूर-अंबरनाथचा पावसाळा वाद्यांस फार वाईट. दमटपणाने सूर गंजतात, तबल्याची पुडी सैल पडते, आणि भात्याचे चामडे उंदीर सोडीत नाहीत. २६ जुलै २००५ रोजी आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले, हे नदीकाठच्या शाळांनी ध्यानी ठेवावे. मे महिन्यात पेटी उघडून, पुसून, कोरड्या सावलीत ठेवावी, कडुलिंबाची वाळलेली पाने घालून कापडात गुंडाळावी. पावसाळ्यात ती जमिनीलगतच्या कप्प्यात न ठेवता वरच्या फळीवर ठेवावी, आणि पाऊस कितीही असो, रोज दहा मिनिटे वाजवावी. वाजत्या पेटीत उंदीर घर करीत नाही.