कुंडीतला अनंत आणि मातीचा सामू

(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला घरातल्या फुलझाडांविषयी बोलावयास सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी काही शास्त्र शिकलेली बाई नव्हे. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या अनंताची हकीकत सांगा, म्हणजे झाले." ती सांगते. तीत माझ्या चुका पुष्कळ आहेत, आणि दुसऱ्याच्या चुका ऐकावयास कोणाला आवडत नाहीत?

हा अनंत माझ्या माहेरचा. रत्नागिरी जिल्ह्यातले आमचे घर, तेथे विहिरीजवळ तांबड्या मातीत आईने लावलेला. आई 2011 साली गेली. 2014 मध्ये भावांनी घर विकले आणि नव्या मालकांनी गडगा घालताना झाड काढून टाकले. त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही; त्यांना ते कोणाचे ते काय ठाऊक? त्याच्या आदल्या वर्षी मी एक फांदी पुण्यास आणून रुजवली होती, तेवढी उरली.

जुन्या घरी धरणाचे पाणी होते; तेथे झाड बरे वाढले, दोन वर्षे फुललेही. 2019 मध्ये आम्ही या नव्या इमारतीत आलो. येथे बोअरचे पाणी, आणि उन्हाळ्यात टँकर. झाड मी बैठकीच्या पूर्वेकडील खिडकीत ठेवले. पहिल्या वर्षी कळ्या आल्या आणि गळाल्या. जागा बदलली म्हणून असेल, असे म्हणून मी गप्प बसले. दुसऱ्या वर्षी शेंड्याची कोवळी पाने पिवळी निघू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या, जणू पिवळ्या कापडावर कोणी हिरव्या दोऱ्याने कशिदा काढला आहे.

मग सुरू झाले उपचार. ज्या बाईला विचारावे तिने एक औषध सांगावे. मी शेणखत घातले. राख घातली. अंड्यांची टरफले कुटून घातली. शेवटी कोणी तरी म्हणाले, चुन्याची निवळी घाला, झाडाला ताकद येते; तीही घातली. पाने पिवळ्याची पांढुरकी झाली आणि कडा करपल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, किती छळतेस त्याला! काढून टाक आता." मी काही बोलले नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही, हे खरे.

पुढे माझा भाचा सुट्टीत आला. तो कृषी महाविद्यालयात शिकतो. त्याने कुंडी पाहिली, चिमूटभर माती बशीत घेतली आणि तिच्यावर स्वयंपाकघरातले व्हिनेगर ओतले. माती फसफसली! तो म्हणाला, "आत्या, यात चुना भरलाय. झाडाला जेवायला आहे, पण तू त्याचे तोंड बांधून ठेवलेस."

आता तोंड कसे बांधले गेले ते सांगते. मातीचा आंबटपणा किंवा खारेपणा मोजण्याचे एक माप आहे. त्याला पीएच म्हणतात. आपले शेतकरी त्याला सामू म्हणतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन्सन या शास्त्रज्ञाने 1909 साली ते सुरू केले. सात म्हणजे मध्य. त्याखाली आम्ल, वर अल्क. यात एक मेख आहे: एकेक आकडा दहापटीचा असतो. म्हणजे सहा सामूची माती आठ सामूच्या मातीपेक्षा दुप्पट नव्हे, शंभरपट आम्ल असते. अल्क म्हणजे काय ते आपल्याला नवे नाही. पिठल्याच्या डागावर साबण लावला की तो तांबडा होतो ना? ती हळद अल्काची साक्ष देते. हळदीचे कुंकू होते तेही याच गुणाने. मात्र हळद लाल होते ती बऱ्यापैकी तीव्र अल्काला, म्हणून कुंडीची माती तपासण्यास तिचा उपयोग नाही.

अनंताला साधारण पाच ते सहा सामूची माती मानवते. कोकणातली जांभ्याची माती आम्ल असते, त्यामुळे आईला काही करावेच लागले नाही. देशावरची काळी माती बहुधा सातच्या वरच, आणि तीत चुनखडी. अशा मातीत लोह असते, पण ते विरघळत नाही, आणि जे विरघळत नाही ते मुळांना घेता येत नाही. लोहावाचून पानात हिरवा रंग तयार होत नाही. लोह जुन्या पानांतून नव्यांत जातही नाही, म्हणून आधी कोवळी पाने पिवळी पडतात. जर खालची जुनी पाने आधी पिवळी पडली, तर दुखणे निराळे समजावे. तेथे बहुधा नत्र किंवा मॅग्नेशियम कमी असते. आणि कुंडीत पाणी साचून मुळे कुजली तरीही शेंडा पिवळा दिसतो. तेव्हा औषधाआधी कुंडीच्या बुडाचे छिद्र पाहावे. माझे छिद्र मोकळे होते, ही एकच गोष्ट मी बरोबर केली होती.

खरा चोर होता पाणी. गीझरच्या कांडीवर आणि पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच थोडा थोडा रोज कुंडीत जात होता. आपल्या आया म्हणत, या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यात अनंतही हिरवा राहत नाही. त्यात मी वरून राख आणि चुना घातला!

माती तपासायची रीत सोपी आहे. वरची नव्हे, मुळांजवळची चमचाभर माती घ्यावी, दोन चमचे डिस्टिल्ड पाण्यात ढवळावी, अर्धा तास ठेवून वरच्या पाण्यात सामूचा कागद बुडवावा. मातीत खुपसायचे दोन सुयांचे यंत्र मी आधी विकत आणले होते. ते लिंबू पिळलेल्या मातीतही सातच दाखवी. ते आता नातवाच्या खेळण्यांत आहे. माझ्या कुंडीचा कागद आठच्या वर गेला.

उपाय सांगते. सर्वांत आधी पाणी बदलले. पावसाळ्यात गच्चीवरचे पावसाचे पाणी पिंपात धरले. एरवी वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी घालते. त्यात क्षार जवळजवळ नसतात. पिण्याचे पाणी गाळणाऱ्या यंत्रातून जे पाणी बाहेर टाकले जाते ते मात्र या झाडांना कधी घालू नये, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. काहीच नसेल तर बोअरच्या लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा व्हिनेगर घालावे, आणि कागदाने पाहून कमीजास्त करावे. पाणी सहाच्या आसपास आले की पुरे. कोणी म्हणेल, मग व्हिनेगरच मातीत ओतू. तसे करू नये. त्याने मुळे भाजतात, आणि चुनखडी असली तर दोन दिवसांत माती पुन्हा होती तेथेच येते.

दुसरे, जुलैत कुंडी बदलली. जुनी माती हलक्या हाताने झाडून तांबडी माती, कोकोपीट आणि कुजलेल्या पानांचे खत यांत झाड लावले. दहा इंची कुंडीला चहाचा अर्धा चमचा गंधकाची पूड मिसळली. गंधकाचे आम्ल मातीतले जंतू करतात. त्यांना ओल आणि ऊब लागते, शिवाय दोन-तीन महिने लागतात. घाईने आणखी घालू नये.

तिसरे हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम, महिन्यातून एकदा. येथेही मी एक पराक्रम केला. लवकर गुण यावा म्हणून एकदा चांगला टपोरा चमचा घातला. पानांच्या कडा काळ्या झाल्या, आणि खिडकीच्या फरशीवर पडलेले तांबडे डाग अजून आहेत. दुकानात नीट पाहून घ्यावे. हिराकस हिरवट असते. निळे दिसेल ते मोरचूद, ते घालू नये. लोहाची तयार पाकिटेही मिळतात. त्यांवर ईडीटीए असेल तर ते आम्ल मातीत चालते. चुनखडीच्या मातीत मात्र टिकते ते ईडीडीएचए.

चहाचा चोथा आणि कॉफीचा गाळ यांची फार ख्याती आहे. ते कुजवून खत म्हणून चांगले, पण त्यांनी सामू उतरतो हा भ्रम आहे. गंजके खिळे पुरण्याचेही तसेच.

सगळ्या झाडांना मात्र हेच औषध नव्हे. शेजारच्या वहिनींच्या आफ्रिकन व्हायोलेटचे दुखणे नेमके उलटे निघाले. तीन वर्षे तीच कोकोपीटची माती, तिच्यात दर पंधरवड्याला खत. सामू पाचाच्याही खाली गेला होता. त्या झाडाला सहा-साडेसहा हवा. तेथे ताजी माती भरली आणि डोलोमाइटची दोन चिमट्या पूड मिसळली. तेव्हा शेजारणीचे ऐकून गंधक घालू नये, माझेही ऐकून घालू नये. आधी कागद बुडवावा.

अनंताची जुनी पाने काही पुन्हा हिरवी झाली नाहीत. ती गळून गेली. नवी आली ती सप्टेंबरात, आणि हिरवी आली. पुढल्या वर्षी, 2022 च्या जूनमध्ये, तीन फुले आली. पहिले उमलले त्या सकाळी सासूबाईंनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, "हे देवाला नको, तुझ्या आईच्या फोटोला वाहा."

जाता जाता, इंग्रजीत अनंताला गार्डिनिया म्हणतात. ते नाव बागेवरून नव्हे, अलेक्झांडर गार्डन नावाच्या डॉक्टरवरून पडले, असे भाच्याने सांगितले.

गेल्या पावसाळ्यात मी पाच फांद्या लावल्या होत्या, त्यांतल्या तीन रुजल्या. एक भावाकडे गेली. उरलेल्या दोन आज त्या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी खुशाल न्याव्या. मात्र आपल्या घरी पाणी कोणते येते ते मला सांगून न्याव्या.